नऊ त्सुबो परत केले



बऱ्याच जणांनी विचारलं, "काय हो, अळू बंद केलात का?" दर गणपतीला आमच्याकडून चार-पाच घरी वडीची पानं जायची, ती गेली दोन वर्षं गेली नाहीत. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहितो. लांबलंय जरा, चहा घेऊन बसा.

थोडक्यात सांगायचं तर शेत गेलं. "शेत" म्हटल्यावर आमच्या वाईकडचे लोक हसतात, कारण होती ती नऊ त्सुबो जागा, म्हणजे तीस चौरस मीटर. आपल्या हिशोबात गुंठ्याचा तिसरा हिस्सासुद्धा नाही. पण २००९ च्या मार्चपासून २०२३ च्या सप्टेंबरपर्यंत, साडेचौदा वर्षं, शनिवार-रविवारी मी तिथे असायचो. इतकी वर्षं मी एका कंपनीतही टिकलेलो नाही.

नव्याने आलेल्यांसाठी आधी थोडी माहिती. तोक्योच्या तेवीस वॉर्डांमध्ये सगळ्यात जास्त शेतजमीन नेरिमात आहे. दोन स्टेशनांच्या मध्ये, अपार्टमेंटच्या सावलीत, अचानक कोबीचं वावर दिसतं. नेरिमाचा लांबलचक मुळा एके काळी तोक्योभर लोणच्यासाठी जायचा. आम्ही २००३ साली इथे आलो तेव्हा बायको खिडकीतून कोबी बघून म्हणाली होती, "हे तोक्यो आहे ना नक्की?"

भाजी लावायची हौस असेल तर मुख्यतः दोन रस्ते. एक म्हणजे वॉर्ड ऑफिसचं कुमिन नोएन. वॉर्ड शेतकऱ्याकडून जमीन घेतो, तुकडे पाडतो आणि लॉटरी काढून रहिवाशांना देतो. २००६ मध्ये आमचा नंबर लागला. मुदत संपली तशी जागा मुकाट्याने परत करावी लागली. नुकती कुठे माती हाताला ओळखीची झाली होती. दुसरा रस्ता म्हणजे शेतकऱ्याने स्वतः चालवलेलं ताइकेन नोएन, अनुभव-शेती म्हणा. ही पद्धत नेरिमातच १९९६ साली सुरू झाली आणि मग देशभर गेली. इथे शेतकरी हा गुरुजी आणि आपण विद्यार्थी. काय लावायचं, कधी लावायचं, किती अंतरावर लावायचं हे तो सांगणार, आपण करायचं. आमचं त्यातलंच, पण जरा घरगुती: सव्वीस वाफे, एक पत्र्याची शेड आणि एक ओजीसान.

ओजीसानचा जन्म १९३८ चा. उंची बेताची, डोक्यावर कायम सोसायटीच्या बँकेची फुकट मिळालेली टोपी. मला ते शेवटपर्यंत "इंदो-सान" म्हणत. नाव लक्षात राहत नव्हतं असं नाही, पावतीवर बिनचूक लिहायचे. मी पहिल्या वर्षी त्यांना विचारलं की भाडं महिन्याला द्यायचं की वर्षाला. त्यांचा चेहरा एकदम बदलला. म्हणाले, "भाडं नाही. न्यूएनर्यो. प्रवेश फी." मला वाटलं शब्दाचा फरक. मी पुढच्या वर्षी परत भाडं म्हणालो, त्यांनी परत दुरुस्त केलं. तिसऱ्या वर्षी शेडमध्ये पाऊस थांबायची वाट बघत बसलो होतो, तेव्हा त्यांनी कारण सांगितलं.

युद्ध संपल्यावर अमेरिकन अंमलाखाली जपानमध्ये १९४६ पासून जमीन-सुधारणा झाली. गावाबाहेर राहणाऱ्या जमीनदाराची सगळी कुळाची जमीन सरकारने घेतली. गावात राहणाऱ्याला साधारण एक हेक्टरच्या वर कुळाकडची जमीन ठेवता येईना. ती कसणाऱ्या कुळांना विकली, आणि महागाई अशी भडकली की ती किंमत नावालाच उरली. ओजीसानचे वडील कूळ होते. ही जागा त्यांना तशी मिळाली. "मी नऊ-दहा वर्षांचा होतो. वडील बांधावर बसून हसत होते आणि आजी रडत होती. जमीनदाराची बायको आमच्या आजीची मैत्रीण होती." तेव्हापासून जमीन दुसऱ्याला कसायला दिली की ती जाते, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. १९५२ च्या इथल्या शेतजमीन कायद्यातही कसणाऱ्याला संरक्षण आहे आणि जमीन कोणाला द्यायची तर कृषी समितीची परवानगी लागते. म्हणून भाडं नाही, प्रवेश फी. म्हणून आम्ही भाडेकरू नाही, पाहुणे. शेती ओजीसान करतात आणि आम्ही त्यात हौसेने सामील होतो, असा कागद. सरकारने १९८९ मध्ये वॉर्डांसाठी वेगळा कायदा केला, तोही याच अडचणीतून वाट काढायला: दहा गुंठ्यांहून लहान तुकडा, जास्तीत जास्त पाच वर्षं, आणि विक्रीसाठी पिकवायचं नाही.

मी त्यांना म्हटलं, ओजीसान, आमच्याकडे याची उलटी गोष्ट आहे. माझ्या आजोबांची वाईजवळ जमीन होती. मुंबई राज्याचा कूळ कायदा १९४८ चा आणि १ एप्रिल १९५७ हा कसणाऱ्यांचा दिवस. त्या दिवशी कूळ मालक झालं. आजोबा सरकारी नोकरीत, कधी नांगर धरलेला नाही. जमीन गेली, आणि खरं सांगायचं तर बरोबर गेली. पण घरात वर्षानुवर्षं "आपल्या जमिनीला कूळ लागलं" हा विषय जेवताना निघत असे. ओजीसान बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे तुम्ही जमीनदार, आणि मी कूळ. आणि आता तुम्ही माझ्याकडे प्रवेश फी देता." आणि इतके हसले की टोपी पडली. त्या दिवसापासून मला वाफ्याचा एक कोपरा मोकळा मिळाला, "इथे काय वाट्टेल ते लाव."

वाट्टेल ते म्हणजे काय, तर मेथी, कोथिंबीर, अंबाडी, कारली. बी भारतातून पिशवीत टाकून आणता येत नाही, तिकडचं तपासणी प्रमाणपत्र लागतं. मेथीचं काम सोपं, किराण्याच्या पाकिटातले दाणे पेरले की झालं. कोथिंबिरीचे धणे चपलेखाली रगडून. तेव्हा आजूबाजूचे वाफेवाले वास घेऊन नाक मुरडायचे. मग २०१६ च्या सुमारास पाकुचीची, म्हणजे कोथिंबिरीची, अशी काही लाट आली की तेच लोक कात्री घेऊन माझ्या वाफ्यापाशी! कारल्याचंही तसंच. ओकिनावातली फळमाशी वंध्य माश्या सोडून सोडून १९९३ मध्ये संपवली, तेव्हा कुठे तिथलं कारलं मोकळेपणी इकडे यायला लागलं. २००१ च्या एका टीव्ही मालिकेने ते घरोघरी पोचवलं, आणि २०११ च्या उन्हाळ्यात वीज वाचवायला सगळ्या तोक्योने खिडक्यांवर कारल्याचे वेल चढवले. आपल्याकडे कारलं न खाणाऱ्या पोरांना हे सांगून बघा. उपयोग होत नाही, मी सांगून बघितलंय.

२०११ चा विषय निघालाच आहे तर तेही. त्या मार्चमध्ये फुकुशिमा, इबाराकी, तोचिगी आणि गुन्माच्या पालकाची विक्री थांबवली, आणि दोन दिवसांनी तोक्योच्या नळाच्या पाण्यात आयोडिन सापडलं, तान्ह्या बाळांना देऊ नका म्हणून जाहीर झालं. अर्ध्याहून अधिक ओळखीची घरं भारतात निघून गेली. आम्हीही तीन आठवडे गेलो. परत आलो तर माझ्या वाफ्यातला पालक ओजीसाननी उपटून, पिशव्यांत बांधून, शेडमागे ठेवलेला. स्वतःच्या वावरातला मात्र ते खात होते. "माझं वय झालंय, तुमची मुलं लहान आहेत." एवढंच.

आता अळू.

आई पहिल्यांदा २०१० साली आली. नव्वद दिवसांचा व्हिसा, मे ते ऑगस्ट. सकाळी आम्ही कामावर गेलो की तिला बोलायला कोणी नाही. मी शनिवारी तिला वाफ्यावर नेलं, आणि सोमवारपासून ती एकटीच चालत जायला लागली. तिथे ओजीसान. त्यांना मराठी नाही, तिला जपानी नाही. पण दोघांना शेती किंवा निदान परस कळतो, त्यामुळे अडलं नाही. ७ जूनला आईने आभाळाकडे बघून "आज मृग निघणार" असं जाहीर केलं. ओजीसाननी मला विचारलं काय म्हणतायत. कांतो भागातल्या त्सुयूची, म्हणजे इथल्या पावसाळ्याची, सरासरी सुरुवातही नेमकी त्याच सुमाराला. हे मी भाषांतर करून सांगितलं तेव्हा दोघांनी एकमेकांकडे असं बघितलं, जणू एकाच शाळेत होते.

ओजीसान सातोइमो लावायचे. म्हणजे आपला अळूच, पण इथे खातात तो जमिनीखालचा कंद. पानं कापून खतात. हत्तीच्या कानाएवढी पानं खताच्या ढिगावर पडलेली बघून आईचा जीव कळवळला. "अरे, एवढ्या पानांत लग्नाची वडी होईल!" दहा पानं घेऊन आली, वड्या केल्या, ओजीसानना नेऊन दिल्या. त्यांनी एक खाल्ली आणि दिवसभर घसा खाजवत बसले. आमच्याही घशाला तेच. चिंच कमी पडली का, तर नाही. जात चुकली होती. या साध्या सातोइमोचे देठ हिरवे, आणि आपल्याला वडीला लागतो काळपट-तांबड्या देठाचा. (कोणी उत्साहाने शेजारच्या वावरातली पानं आणणार असेल तर देठ बघून आणा. मागाहून मला फोन नको.) आईने ओजीसानना स्वतःच्या जांभळ्या साडीचा काठ दाखवला, मग देठ दाखवला. ते म्हणाले, "आ, यात्सुगाशिरा."

यात्सुगाशिरा म्हणजे आठ डोकी. त्याचे देठ तांबडे असतात आणि सोलून, वाळवून जपानीही खातात. सातोइमोत मधला मोठा कंद म्हणजे "ओया", आईबाप. त्याला चिकटलेले "को", आणि त्यांना चिकटलेले "मागो", नातवंडं. काढताना ते सुटे होतात. नव्या वर्षाच्या जेवणात ते वंशवेलीचं चिन्ह म्हणून वाढतात. यात्सुगाशिरात मात्र आई आणि पोरं सुटी होतच नाहीत, सगळा मिळून एक वेडावाकडा गोळा. सोलताना नाकी नऊ येतात. पुढच्या वर्षापासून माझ्या मोकळ्या कोपऱ्यात चार यात्सुगाशिरा. ओजीसाननी स्वतः आणून लावले, आई यायच्या आधी.

आई त्यानंतर २०१२, १३, १६ आणि १८ ला आली. एका वर्षी जरा जास्त थांबता येईल का म्हणून विचारत होती, ऋषिपंचमीपर्यंत. बैलाच्या कष्टाचं खायचं नाही त्या दिवशी, आणि ही हाताने खणलेली भाजी, याहून शुद्ध काय! मी म्हटलं आई, या अख्ख्या शहरात बैलाच्या कष्टाचं काही मिळतच नाही. व्हिसाचे नव्वद दिवस ते नव्वद दिवसच. ती गेल्यावर मी ऋषीची भाजी वाफ्यातल्या अळूची करायला लागलो आणि फोटो पाठवायला लागलो.

ती २०२० च्या जुलैत गेली. भारताची नेहमीची विमानं मार्चपासून बंद होती. मी गेलो नाही. याविषयी इथे जास्त लिहीत नाही, तुमच्यापैकी किती जणांचं असंच झालंय मला माहीत आहे. पुढच्या शनिवारी वाफ्यावर गेलो. ओजीसानना सांगितलं. त्यांनी टोपी काढली. मग दोघांनी मिळून अळूला भर लावली, कारण ती लावायची राहिली होती.

२०२३ च्या जानेवारीत ओजीसान गेले, चौऱ्याऐंशी वर्षांचे होऊन. आणि त्यानंतर काय होणार हे त्यांनीच आम्हाला आधी समजावून ठेवलं होतं. शहरातली शेती टिकते ती "सेइसान र्योकुची" या शिक्क्यावर. कायदा १९७४ चा, बदलला १९९१ मध्ये, आणि १९९२ ला बहुतेकांनी नाव नोंदवलं. निदान पाच गुंठे जमीन पाहिजे (आता काही ठिकाणी तीन), तीस वर्षं शेतीच करायची, त्या बदल्यात कर शेताच्या दराने, घराच्या नाही. ती तीस वर्षं २०२२ ला संपणार म्हणून केवढी ओरड झाली होती, आठवत असेल. सगळी वावरं एकदम बाजारात येतील म्हणून. तसं झालं नाही, बहुतेकांनी आणखी दहा वर्षं वाढवून घेतली. ओजीसाननीही. मला सही दाखवून म्हणाले, "इंदो-सान, चौऱ्याण्णवपर्यंत काळजी नाही." स्वतःच्या वयाबद्दल म्हणत होते.

पण मुख्य कसणारा वारला की ती दहा वर्षं लागू राहत नाहीत. वारस पालिकेला सांगू शकतात, जमीन विकत घ्या. पालिकेने घेतली नाही आणि दुसरा शेतकरीही मिळाला नाही, तर तीन महिन्यांत बंधन उठतं. दुसरीकडे वारसा कर दहा महिन्यांच्या आत भरायचा असतो, आणि तोक्योत तो घराच्या जमिनीच्या भावाने. वारसाने स्वतः शेती चालू ठेवली तर तो कर पुढे ढकलता येतो, पण मग जन्मभर करायची. मध्येच सोडली तर व्याजासकट वसुली. ओजीसानची मुलगी सेन्दाईला, नर्स आहे, पन्नाशी उलटलेली. २०१८ च्या नव्या कायद्याने अशी जमीन दुसऱ्याला कसायला देऊनही करसवलत टिकते, आणि मी एकदा ओजीसानना हे सांगितलंही होतं. त्यांचं उत्तर: "कूळ लावायचं? मी?" आता मुलीने घाईघाईत कसणारा शोधला, पण नऊ गुंठ्यांसाठी कोणी आलं नाही. आम्ही सव्वीस जणांनी जमेल का म्हणून एक बैठक घेतली. हिशोब पाच मिनिटांत संपला. बाकीचा वेळ चहा प्यायलो.

मे महिन्यात पत्र आलं. सप्टेंबरअखेर जागा मोकळी करावी, "गेन्ज्यो काइफुकु" करून. म्हणजे होती तशी. सगळी झाडं, काठ्या, दोऱ्या, प्लास्टिक काढायचं, दगड वेचायचे, माती सपाट करायची. खाली मुलीने हाताने दोन ओळी लिहिल्या होत्या, माफीच्या.

तोपर्यंत अळू लावून झाला होता. कंद भरतो ऑक्टोबर-नोव्हेंबरात. बायको म्हणाली, नाहीतरी आपल्याला पानंच हवी असतात ना? बरोबर होतं तिचं. तरी त्या उन्हाळ्यात मी त्याला जरा जास्तच खत घातलं. वेडेपणा.

२०२३ ची ऋषिपंचमी २० सप्टेंबरला. आदल्या संध्याकाळी सगळी पानं काढली. तुमच्यापैकी पाच घरांना ती मिळाली, वर्तमानपत्रात गुंडाळून, सेइबू लाइनच्या गाडीतून. मी कारण सांगितलं नव्हतं.

शेवटच्या रविवारी सव्वीसपैकी एकोणीस लोक आले. इथली माती काळी, ज्वालामुखीच्या राखेची, हलकी, हाताला पिठासारखी. फॉस्फरस धरून बसते, झाडाला देत नाही. म्हणून वर्षानुवर्षं पालापाचोळ्याचं खत, चुना आणि फॉस्फेट घालून तिला वळण लावावं लागतं. साडेचौदा वर्षांत माझा वाफा कोपरापर्यंत हात जाईल इतका भुसभुशीत झाला होता. वाटलं, दोन पोती घेऊन जाऊ. पण गॅलरीत किती मावणार? आणि वॉर्डाचा कचरावाला माती उचलत नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. मी अर्धं पोतं घेतलं. शेजारच्या वाफ्याच्या बाई, वय ऐंशीच्या आसपास, त्यांनी स्वतःचे टोमॅटोचे खांब पुसून, बांधून माझ्या हातात दिले. मी घेतले. कुठे लावणार हे दोघांनीही विचारलं नाही.

यात्सुगाशिरा खणले. चारातले तीन लिंबाएवढे. एक मात्र मुठीएवढा गोळा निघाला. ओजीसानच्या मुलीने शेडमधून दाताळं आणून दिलं आणि मी वाफा सपाट केला. ती बांधावर उभी होती. म्हणाली, "बाबा म्हणायचे, इंदो-सानची आई पानं न्यायची आणि कंद ठेवायची, बाबा कंद न्यायचे. भांडण कधी झालं नाही." मग विचारलं, त्या वड्या कशा करतात? मी तिथेच उभा राहून सांगितलं. चिंच, गूळ, बेसन, पान उलटं ठेवायचं. तिने वॉर्डाच्या पत्राच्या पाठीवर लिहून घेतलं.

तिथे आता सात घरं आहेत. तीन मजली, दोन घरांमध्ये माणूस आडवा होऊनच जाईल एवढी जागा. एकाच्या दारात कारल्याचा वेल आहे.

तो मुठीएवढा गोळा मी वर्तमानपत्रात गुंडाळून हिवाळाभर कपाटात ठेवला, थंडी लागली की सडतो म्हणून. २०२४ च्या वसंतात गॅलरीतल्या मोठ्या कुंडीत लावला, त्याच अर्ध्या पोत्यातल्या मातीत. पहिल्या वर्षी तळहाताएवढी पानं आली. यंदा जरा बरी, तीन मोठी आणि दोन लहान. पाचांची एक गुंडाळी होते. म्हणून यंदाही कोणाकडे आली नाहीत, राग मानू नये. कोणाच्या ओळखीत नेरिमात किंवा निशितोक्योकडे वाफा मोकळा होत असेल तर कळवा. प्रवेश फी देईन.